चष्म्याला अन् दुर्बिणीला वाफ धरते, अँटीफॉग स्प्रे कामाचा आहे का जी?

धानकरी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

नागभीड तालुक्यात आमची चार एकर धानाची शेती. भारी धान कापून झालं, पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) अजून बांधीतच उभे आहेत. मळणीयंत्राचा नंबर लागायला आठवडा-दहा दिवस. तोवर डुकरांपासून राखायचं म्हणून मी आणि चुलतभाऊ आळीपाळीने मचाणावर जागलीला जातो.

माझा चष्मा उणे चारचा. तो काढला की मी कामातून गेलो. आता पहाटे तीन-चारला धुवारी (धुकं) उतरते. कानानाकाला दुपट्टा गुंडाळलेला असतो, श्वास सोडला की सगळी वाफ वर चष्म्यात. टॉर्च लावला तर चंद्राला खळं पडावं तसा नुसता गोल दिसतो. परवा पुंजण्याजवळ काहीतरी काळं हललं. मी डबा बडवला, फटाका फोडला, बोंबललो. शेजारच्याचा रेडा होता. तो तिकडून पळाला तो पार तळ्याच्या पाळीवर, आणि शेजारी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हसायला ठीक आहे, पण आमच्या पट्ट्यात वाघ आहे हे वेगळं सांगायला नको. मचाणावरून उतरताना समोर काय आहे ते दिसायलाच पाहिजे.

त्यात मागच्या वर्षी एकाकडून जुनी ८×४२ दुर्बीण घेतली. तिलाही वाफ धरते. चष्म्याच्या दुकानात विचारलं तर त्याने अंगठ्याएवढी बाटली दाखवली, अँटीफॉग स्प्रे, ३५० रुपये. साडेतीनशेत आमच्याकडे बाईमाणसाची एका दिवसाची मजुरी निघते.

तर हा स्प्रे खरंच चालतो का? दुर्बिणीवर मारला तर चालेल का? आणि घरचा काही उपाय?

चिल्लर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५२

रेड्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय मी मत देणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बावा, मले तं धुवारी लागतच नाई. सासरी गेलो का सासू चुलीवरच्या पातोडीच्या रश्श्याचं झाकन नेमकं माह्या तोंडासमोर उघडते. चष्मा पांढरा फक्क. सासू म्हनते जावईबापू डोये काहून पुसून रायले? आता काय सांगू, मामी रस्सा दिसूनच नाई रायला.

घरचा उपाय म्हनशीन तं आलू. आलूची फोड काचीवर घासायची, वाळू द्यायची, फडक्यानं पुसायची. आमच्या दर्यापुरात येक कंपाउंडर करत होता.

काचवाले | १७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

चष्म्याच्या धंद्यात बावीस वर्षं आहे, म्हणून लिहितो.

धानकरी, पहिले एक सांगा. तुमच्या काचेवर अँटीग्लेअर कोटिंग आहे का? तिरपी धरून ट्यूबलाईटखाली पाहा. प्रतिबिंब हिरवट किंवा निळसर जांभळं दिसलं तर आहे. हल्लीच्या बऱ्याच अँटीग्लेअर काचांवर सगळ्यात वरचा थर पाणी आणि बोटाचा तेलकटपणा झटकणारा असतो. त्याने काच पुसायला सोपी जाते, पण वाफ बसली की तिचे थेंब गोल गोलच राहतात, पसरत नाहीत. आणि स्प्रेचं काम असतं पाणी पसरवायचं. एक थर झटकतो, दुसरा धरू पाहतो. म्हणून अशा काचेवर स्प्रे फार टिकत नाही, साध्या काचेवर जास्त टिकतो. कंपनीतूनच अँटीफॉग थर देऊन आलेली काचही मिळते, पण तिचा थरही खास कापडाने अधूनमधून जागा करावा लागतो.

टूथपेस्ट लावायचा सल्ला कोणी दिला तर त्याचा नंबर ब्लॉक करा. पेस्टमध्ये घासणारी पूड असते, प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे येतात. आणि आज शंभरातल्या बहुतेक काचा प्लास्टिकच्याच आहेत, आपण सवयीने काच म्हणतो एवढंच. काच पुसायचं निळं पाणी नको, व्हिनेगर नको. साबण-बिबणही मी तरी सांगणार नाही.

सिस्टर_धारणी | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

काचवाले दादा, साबणाला का नाही म्हणता?

मी मेळघाटात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. कोरोनात दिवसाचे दहा-बारा तास मास्क आणि चष्मा. पहिल्या आठवड्यात मी सुई टोचायच्या आधी चष्मा डोक्यावर सरकवत होते, शिर काय दिसणार वाफेत! मग आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, साबणाच्या पाण्यात चष्मा बुडवा, झटका, वाऱ्यावर वाळू द्या, घासून पुसू नका. तेवढ्यावर आम्ही दोन वर्षं काढली. हे काही गावठी नाही. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ सालीच हा उपाय छापून आला होता, ऑपरेशन करणाऱ्या चष्मेवाल्या डॉक्टरांसाठी. माझा चष्मा तोच आहे अजून, अँटीग्लेअरवाला, काही झालं नाही.

धानकरी भाऊ, एक सांगू का? तुमचा दुपट्टा नाकावर सैल असणार. मास्कला नाकावर तार असते ती उगीच नाही. वाफ वरून निघते म्हणून चष्म्यात जाते. दुपट्ट्याची वरची कड नाकाच्या हाडावर घट्ट दाबा आणि चष्मा त्या कडेवर टेकवा, किंवा दुपट्टा नाकाखालीच ठेवा.

काचवाले | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ताई, तुमचा अनुभव मान्य. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक साबण म्हणजे कपड्याची वडी समजतं. एकाने राखेने घासून आणला होता चष्मा, भांडी घासतात तसा. म्हणून मी सरसकट नाही म्हणतो.

चिल्लर | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:११

आणि साबण दहा रुपयाला, स्प्रे साडेतीनशेला, हाही एक मुद्दा असावा ;)

काचवाले | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी स्प्रे ठेवतच नाही दुकानात. ठेवला होता, सहा बाटल्यांतल्या चार परत आल्या. तुमचं नाव चिल्लर आहे ते बरोबरच आहे.

भौतिकबाप्पा | १८ नोव्हेंबर, दुपारी १:१५

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, मधल्या सुट्टीत लिहितोय. भांडू नका, मूळ गंमत समजून घ्या.

हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरून ठेवते. ३० अंशाला एका घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, १० अंशाला जेमतेम ९. तुमचा श्वास बाहेर पडतो तो अंगाच्या ऊबेचा आणि ओलाव्याने पुरता भरलेला. तो १० अंशाच्या काचेला भिडला की जास्तीची वाफ तिथेच उतरते. उतरलेलं पाणी एकसंध पसरलं तर काच पारदर्शकच राहते, पाण्याच्या ग्लासातून आपल्याला दिसतंच की. पण ते बसतं बारीक बारीक थेंबांनी, आणि प्रत्येक थेंब प्रकाश वेगळीकडे फेकतो. तेच ते धानकरींचं चंद्राचं खळं.

साबण, शाम्पू, आलूचा चीक, पाणबुडे मुखवट्याला लावतात ती थुंकी, साडेतीनशेचा स्प्रे, सगळ्यांचं काम एकच: पाण्याचा ताण कमी करायचा, म्हणजे थेंब न होता पातळ पापुद्रा होतो. वाफ बसायची थांबत नाही, ती दिसायची थांबते. आणि तो पापुद्रा साचून ओघळला की सोबत साबणही घेऊन जातो. म्हणून कुठलाही उपाय काही तासांचाच.

दुसरा मार्ग काच गरम ठेवण्याचा. काच तिला भिडणाऱ्या हवेइतकी किंवा थोडी जास्त ऊबदार असेल तर वाफ बसतच नाही. धानकरी, जागलीला चष्मा काढून कुठे ठेवता?

धानकरी | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७:००

मचाणाच्या कडेला, बांबूला खिळा ठोकलाय त्याला अडकवतो. तासभर डुलकी लागते तेव्हा.

भौतिकबाप्पा | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२०

म्हणजे बर्फाच्या भावात थंड झालेला चष्मा तुम्ही उठल्या उठल्या गरम तोंडावर चढवता. खिसा नाही का बंडीला?

सागवान | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

जंगल खात्यात होतो, आता निवृत्त. बाप्पांनी शास्त्र सांगितलं, मी डोळ्याने पाहिलेलं सांगतो.

हिवाळ्यात रात्रीची मोटारसायकल उघड्यावर ठेवा, सकाळी सीट दहिवराने ओली चिंब. तीच मोहाच्या झाडाखाली ठेवा, कोरडी. हवा तीच, थंडी तीच. गस्तीला आमच्या टॉर्चच्या काचेचंही तसंच. उघड्या आभाळाकडे तोंड करून ठेवलेली कोणतीही वस्तू हवेपेक्षा जास्त थंड पडते. दुर्बीण मचाणाच्या तणसाच्या छपराखाली ठेवा, भिंग खाली करून. झाकणं हरवली असतील तर जुन्या ट्यूबचा रबर कापून टोपी करा.

आणि पोरांनो, मचाणावरून रात्री उतरूच नका. चष्मा स्वच्छ असो की नसो. सकाळी लघवीला उतरायचं तरी दोघं, आणि आधी बोलून, खोकून, आवाज करून. वाकून बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

किलबिल | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सागवान काका +१.

गोंदियाकडची आहे मी. विदर्भात पारा सगळ्यात खाली कुठे, विचारा आम्हाला! परसवाडा तलावावर डिसेंबरात पक्षी पाहायला सूर्य उगवायच्या आधी उभं राहायचं आणि दुर्बीण डोळ्याला लावली की पांढरं. माझी चूक हीच होती की मी दुर्बीण जॅकेटच्या आत, पोटाशी ऊबेला धरत होते. आत घामाची दमट हवा, थंड दुर्बीण आत घातली की तिथेच वाफ बसायची. आता जॅकेटच्या बाहेर लटकवते. पुढचं भिंग क्वचित धुकटतं, डोळ्याकडचं सतत, कारण डोळ्याची ऊब आणि ओल तिथेच कोंडते. रबराची वाटी थोडी आत फिरवून दुर्बीण डोळ्यापासून जरा लांब धरा, कडेने हवा खेळू द्या. चष्मेवाल्यांना तर वाटी पूर्ण आतच लागते.

मिनेसोटाचा_मामा | १९ नोव्हेंबर, पहाटे ४:५०

मूळ आर्वीचा, सध्या मुक्काम मिनेसोटा. इथे नोव्हेंबर म्हणजे हरणाच्या शिकारीचा हंगाम, रीतसर परवान्याने. मी शिकार करत नाही, पण शेजारी करतात. त्यांच्या गराजमध्ये उभं राहून जे ऐकलं ते सांगतो, कारण अर्धं आयुष्य त्यांचं याच दुखण्यावर जातं.

रायफलवरची दुर्बीण ते रात्री घरात आणतच नाहीत. कुलूपबंद पण थंड जागी ठेवतात. घरात आणली की गरम दमट हवेने काच पाझरते. पहाटे पुन्हा उणे दहात नेली की ते पाणी काचेवरच गोठतं. आणायचीच झाली तर बंद पिशवीत घालून आणतात, पिशवीवर दव पडतं, काचेवर नाही. भिंगांना उघडझाप टोपणं असतात, ती शेवटच्या क्षणी उघडायची. आणि श्वास आधी सोडून मग डोळा लावायचा, लावल्यावर नाही. अँटीफॉगची मलम-कापडं सगळे वापरतात, पण म्हातारे शिकारी पहिले हे नियम शिकवतात, कापड नंतर.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. दुर्बिणीच्या खोक्यावर ‘फॉगप्रूफ’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आत नायट्रोजन भरून रबरी कड्यांनी बंद केली आहे, म्हणून आतून वाफ धरणार नाही. बाहेरून ती धरणारच, कितीही लाखाची घ्या. धानकरी, तुमची आतून धुकटते की बाहेरून? बोटाने पुसून पाहा. जात नसेल तर आतून. मग जगातला कोणताही स्प्रे उपयोगाचा नाही.

रानभूल_७ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

मामा, ती रायफलवरची दुर्बीण इकडे ऑनलाइन मिळते का? एअरगनवर बसवून डुकराला...

संपादक | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

रानभूल_७, इथेच थांबा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वनखात्याच्या परवानगीशिवाय शिकारीला मुभा नाही. पिकाचं नुकसान असेल तर वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून भरपाई मागा. एअरगनची चर्चा इथे होणार नाही. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

वऱ्हाडी_ठेचा | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

भरपाई मिळेपर्यंत डुकराचे नातू कामाले लागते. पन संपादकाचं बराबर हाय. एअरगननं डुक्कर मरत नाई, चिडते. अन् चिडलेलं डुक्कर कोनाचं ऐकत नाई.

अवांतर: धुवारीनं तुरीचा फुलोरा गळून रायला का कोनाचा? आमच्या इकडे दोन दिवस झाले सकाऊन नऊ वाजेलोक सूर्य दिसत नाई.

धानकरी | १९ नोव्हेंबर, दुपारी २:३०

धुऱ्यावरच्या तुरीचा थोडा गळला जी. तुमच्यासारखी सलग तूर नाही आमची, त्यामुळे रडणंही धुऱ्याएवढंच.

मामा, पुसून पाहिली. डाव्या नळीतली जात नाही! उन्हात धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात.

काचवाले | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

बुरशी. पावसाळ्यात पेटीत किंवा कपाटात बंद राहिली असणार. ही भिंगावरच्या थरावर वाढते आणि तिच्या आम्लाने थर कायमचा खाल्ला जातो, म्हणून लवकर साफ करावी. पण घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. दोन नळ्यांची रेघ जरा हलली की एकाचे दोन दिसतील आणि डोकं दुखेल. एका गिऱ्हाईकाने उघडली होती, दोन स्क्रू उरले आणि आतलं लोलक डब्यात घालून माझ्याकडे घेऊन आला. नागपूरला कॅमेरा दुरुस्तीवाले करतात. जुन्या दुर्बिणीला किती खर्च करायचा ते आधी ठरवा.

पुढे ठेवायची झाली तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. नारंगी दाणे ओल पिऊन हिरवे होतात, निळे असतील तर गुलाबी. रंग बदलला की मंद आचेवर कढईत भाजून पुन्हा वापरा. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, स्वयंपाकाची कढई नको.

चिल्लर | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

धानकऱ्याला कशाला सिलिका जेल, तांदळाच्या कोठीत खुपसा दुर्बीण.

किलबिल | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४५

नको नको! मी मोबाईलसाठी केलं होतं. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि कोंडा मात्र प्रत्येक फटीत. माझ्या मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकातून अजून कणी निघते.

पाहुणा_पुण्याचा | १९ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मी ताडोबाला मागच्या पावसाळ्यात आलो होतो, बफरमधली सफारी. रात्रभर खोलीत एसी, पहाटे कॅमेरा बाहेर काढला आणि नेमका वाघीण रस्त्यावर असताना लेन्स पूर्ण पांढरी. थंडीत हे होतं हे माहीत होतं, उकाड्यात का होतं?

भौतिकबाप्पा | १९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

तेच गणित, उलट टोकाने. एसीत काच २० अंशाला आली, बाहेरची दमट हवा २८ची. काच त्या हवेपेक्षा गार, झालं. पुढच्या वेळी कॅमेरा पिशवीत चेन लावून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा. स्वतः एसीत झोपा हवं तर.

वऱ्हाडी_ठेचा | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

पुन्याहून येऊन एसीत झोपायचं होतं तं वाघ टीव्हीवर पाहाचा होता ना भाऊ.

पाहुणा_पुण्याचा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०१

वाटच बघत होतो या प्रतिसादाची.

आजीचा_बटवा | २० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

कोणी रिठा आजमावला आहे का? दोन रिठे रात्रभर भिजवले, सकाळी कुस्करून गाळलं. फेस येतो म्हणजे साबणाचंच काम करणार, असा माझा हिशेब. सुनेच्या चष्म्याच्या एका काचेवर लावलं, दुसरी तशीच. पिठलं घोटताना एक काच आंधळी, एक डोळस. पण वाळल्यावर किंचित पिवळट डाग राहिले, ते पुसावे लागले.

सिस्टर_धारणी | २० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

आजी, भारी प्रयोग! पण रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर आग होते हो. काच पूर्ण वाळवून कडा पुसूनच घालायला सांगा.

भौतिकबाप्पा | २० नोव्हेंबर, दुपारी १:०५

रिठ्यात सॅपोनिन असतं, नैसर्गिक साबणच. हिशेब बरोबर.

आणि डोळ्यात जायचं म्हणाल तर हे अंतराळातही झालं आहे. १९६६ च्या जूनमध्ये जेमिनी ९ मधून युजीन सर्नन यानाबाहेर पडला. तब्बल २ तास ७ मिनिटं बाहेर. धडपडीत इतका घामाघूम झाला की शिरस्त्राणाची काच आतून पूर्ण धुकटली, आणि हात तर आत नेता येत नाही. नाकाने काच घासून त्याने भोकाएवढी जागा केली आणि त्यातून पाहत परत आला. त्यानंतर नासाने काचेला लावायला मिश्रण बनवलं, त्यात मुख्य काय? भांडी धुतात तसला द्रव साबण, पाणी आणि थोडं तेल. पुढे २००१ मध्ये कॅनडाचा ख्रिस हॅडफिल्ड अंतराळात तरंगत काम करत असताना तसलंच मिश्रण त्याच्या डोळ्यात गेलं. तिथे अश्रू खाली ओघळत नाहीत, डोळ्यावरच गोळा होतात. तो गोळा नाकावरून दुसऱ्या डोळ्यात गेला आणि काही वेळ दोन्ही डोळे बंद. म्हणजे उपाय आजीचाच, फक्त लावून नीट पुसायचा.

चिल्लर | २० नोव्हेंबर, दुपारी १:१०

नासा म्हणजे नागभीड साबण संघ.

मिनेसोटाचा_मामा | २१ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

खिक्क.

स्प्रेबद्दल एक राहिलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी चष्म्याचे अँटीफॉग स्प्रे आणि कापडं मिळून ९ वस्तू तपासल्या. सगळ्यांत फ्लोरिनची, लवकर न विघटणारी रसायनं निघाली. घाबरवायला सांगत नाही, पण रोज डोळ्याजवळ आणि बोटाला लागणारी वस्तू आहे. माझ्या बायकोने तेव्हापासून बेबी शाम्पूचा एक थेंब सुरू केला.

हेल्मेटवाला | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:००

उमरेड-भिवापूर रोज मोटारसायकलने. हेल्मेटच्या काचेला आतून दुसरी पातळ काच बसवून मिळते, मध्ये हवा कोंडलेली. आतली काच थंडच पडत नाही. स्प्रेपेक्षा शंभरपट बरं. चष्म्याला असं काही का नाही?

काचवाले | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

कारण मग तुमच्या नाकावर खिडकी बसवल्यासारखं दिसेल.

धानकरी | १ डिसेंबर, रात्री ८:१५

मळणी झाली जी! उतारा बरा. आता सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांनी इतकं सांगितलं.

स्प्रे घेतला. हो, घेतलाच. साडेतीनशे गेले. डाव्या काचेवर साबण (भांड्याचा, एक थेंब, कोमट पाण्यात, बोटाने हलकं फिरवून, धुऊन, झटकून), उजव्या काचेवर स्प्रे. चार रात्री असं केलं. काच अँटीग्लेअरवाली निघाली, हिरवट चमक होती.

पहिल्या रात्री दोन्ही बाजू दीड-दोन तास साफ, मग दोन्हीकडे ओघळ. तिसऱ्या रात्री उजवी आधी गेली, कदाचित स्प्रे कमी लागला असेल, नक्की सांगता येणार नाही. साबणाच्या बाजूला टॉर्चभोवती किंचित तेलकट कडं दिसतं, स्प्रेच्या बाजूला ते कमी. एवढाच फरक. साडेतीनशेचा नाही.

पण खरी गोष्ट पाचव्या रात्री कळली. त्या दिवशी सकाळी लग्न होतं, घाईत काहीच लावलं नाही, कोराच चष्मा घेऊन गेलो. बाप्पांनी सांगितलं तसा खिळ्याला न अडकवता बंडीच्या वरच्या खिशात ठेवला आणि सिस्टर ताईंनी सांगितलं तसा दुपट्टा नाकाखाली घेतला. नाक गारठलं, पण पहाटेपर्यंत वाफ जवळजवळ नाही! पाचच्या सुमारास धुवारी दाट झाली तेव्हा तेवढी धरली, ती कोणालाच धरली असती. म्हणजे चार रात्री मी श्वास चष्म्यात सोडत होतो आणि औषध काचेला लावत होतो.

आता साबण आणि दुपट्टा दोन्ही करतो. स्प्रेची उरलेली बाटली चुलतभावाला दिली, तो मोटारसायकलच्या आरशाला मारतो.

दुर्बीण नागपूरला दिली आहे. दुकानदार म्हणाला डावी नळी उघडावी लागेल, थर किती खाल्ला ते उघडल्यावरच कळेल. सध्या लाखोरी उगवून आली आहे आणि रात्री रोही (नीलगायी) येतात. ते एवढे मोठे की दुर्बीण लागत नाही.

रेड्याच्या मालकाशी बोलणं सुरू झालं आहे.

सागवान | १ डिसेंबर, रात्री ९:००

छान. रात्री उतरला नाहीत ना?

धानकरी | १ डिसेंबर, रात्री ९:०६

नाही काका. दोघांनी मिळून, खोकत, उजाडल्यावर.

किलबिल | १ डिसेंबर, रात्री ९:३०

दुर्बीण आली की कळवा, जूनमध्ये सारस मोजायला या आमच्याकडे. तेव्हा वाफ नसते, घाम असतो. तो थेट डोळ्यात जातो, त्यावर उपाय अजून कोणाकडे नाही.

वऱ्हाडी_ठेचा | २ डिसेंबर, सकाळी ११:२०

म्याही काल साबन लावला, सायाच्या लगनात. भांड्याचा नाई गावला तं धुन्याच्या पावडरीत बुडवला, वाळवला नाई अन् तसाच घातला. मंगलाष्टकं चालू होती अन् माह्या डोयातून जे पानी सुटलं! नवरीची माय येऊन मलेच धीर देऊन रायली होती, रडू नका जावईबापू, चांगल्या घरी पडली पोरगी.